थंडीतला घोडा आणि त्याची पाठ

मित्रहो,

ड्रेसाजविषयी, म्हणजे स्वाराच्या बारीक सूचनांवर तालबद्ध हालचाली करायला घोड्याला शिकवण्याच्या कलेविषयी, बोलताना मला व्हिएन्नातील एका इमारतीपासून सुरुवात करावीशी वाटते. सम्राट सहाव्या चार्ल्सच्या आज्ञेने १७२९ ते १७३५ या काळात राजवाड्याच्या आवारात बांधलेल्या या दालनाचे नावच मुळी ‘हिवाळी अश्वारोहण शाळा’ असे आहे. साधारण ५५ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद अशा या शुभ्र दालनात लिपिझानर घोडे आजही सकाळचा सराव करतात. आजचे ड्रेसाजचे मैदान ६० बाय २० मीटरचे असते, म्हणजे मापही फारसे बदललेले नाही. ज्यांनी ही कला जोपासली, त्यांनी बर्फ पडला म्हणून घोड्याचे शिक्षण थांबवले नाही, तर त्या शिक्षणावर छप्पर घातले.

छपराने बर्फ आणि वारा अडतो, थंडी अडत नाही. गेली अकरा वर्षे मी जर्मनीत लोअर सॅक्सनी प्रांतात राहते आणि घोडे फिरवते. तिथला हिवाळा बहुधा शून्याच्या आसपास रेंगाळतो आणि मधूनच काही दिवस उणे १० अंशांपर्यंत उतरतो. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांपुढे हा विषय का मांडायचा, असे कोणाला वाटेल. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता आणि चौघांचाही सराव युरोपात झाला होता. या वाटेने जाणाऱ्या मराठी मुलामुलींना असा एखादा हिवाळा घोड्याच्या पाठीवर काढावाच लागणार आहे.

पहिली गोष्ट अशी की घोडा आपल्याइतका थंडीला भीत नाही. साधारण ५ ते २५ अंश तापमानात त्याला शरीर ऊबदार ठेवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, आणि अंगावर हिवाळ्याचे दाट केस, पुढ्यात भरपूर गवत व वाऱ्यापासून आडोसा असेल, तर सरावलेला घोडा उणे १५ अंशही निभावून नेतो. अडचण निराळीच आहे. कुरण गोठलेले किंवा चिखलाने भरलेले असल्यामुळे घोडा दिवसाचे वीस-बावीस तास पागेत उभा असतो. स्नायू गार आणि आखडलेले असतात, सांध्यांतले वंगण दाटलेले असते. अशा घोड्यावर जो स्वार बसतो, त्याचेही खांदे थंडीने वर चढलेले आणि मुठी आवळलेल्या असतात. घोड्याला ती मूठ तोंडात कळते आणि ते आखडलेले बूड पाठीवर कळते. दोन आखडलेली शरीरे एकमेकांना आणखी आखडवत नेतात, आणि स्वाराला वाटते की घोडा हट्टीपणा करतो आहे.

माझ्या चौथ्या हिवाळ्यात मी हेच केले. माझ्याकडे सात वर्षांची एक घोडी होती आणि संध्याकाळी काम संपवून आल्यावर हाताशी जेमतेम चाळीस मिनिटे असत. पाच मिनिटे चालवून मी तिला दुडकीवर घेई. ती पाठ कमानीसारखी वर धरून ठेवी, रोज एकाच कोपऱ्यात बुजे, आणि मी टाच व लगाम वापरून तिला ‘वळण’ लावी. मार्च उजाडेपर्यंत तिची मान सुरेख वाकू लागली होती, पण पाठ पोकळ झाली होती आणि कँटरमधला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या, उड्या घेत जाणाऱ्या धावेतला, तीन ठोक्यांचा ताल मोडून चार ठोके ऐकू येऊ लागले होते. एका वृद्ध प्रशिक्षकांनी ते पाहिले आणि पुढचे दोन आठवडे मला फक्त चाल, म्हणजे घोड्याचे साधे संथ चालणे, करायला लावली. मी बिघडवलेला ताल पूर्ववत व्हायला जून उजाडला. त्या घोडीने एकदाही अवज्ञा केली नव्हती. तिला थंडी वाजत होती आणि मी तिला वेळ देत नव्हते, एवढेच.

जर्मन शिक्षणपद्धतीत सहा पायऱ्या मानतात: ताल, सैलपणा, लगामाशी स्थिर संपर्क, जोम, सरळपणा आणि शेवटी घोड्याचे मागच्या पायांवर एकवटणे. हिवाळ्यात बहुतेक स्वार दुसऱ्या पायरीवरून उडी मारून तिसरीवर जातात, कारण मान वाकवणे हाताने जमते आणि पाठ सैल करणे हाताने जमत नाही. मी आता शून्याखालच्या दिवशी वीस मिनिटे नुसती चाल ठेवते. आधीची काही मिनिटे खाली उतरून, लगाम हातात धरून, घोड्याशेजारी चालते, म्हणजे माझेही पाय गरम होतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळत नाही, तीन वेळा थोडा थोडा घेते. खोगिरामागे कमरेवर आणि पुठ्ठ्यावर लोकरीची झूल राहू देते आणि दुडकी सुरू होऊन घोड्याने नाकाने फुरफुरून पहिला लांब श्वास सोडला, की ती काढते. तो फुरफुराट हे माझ्या दृष्टीने घड्याळापेक्षा विश्वासार्ह चिन्ह आहे.

ही वीस मिनिटे वाया जातात असे मात्र समजू नका. चालीत चार स्वतंत्र ठोके असतात आणि घोडा घाईत नसतो, म्हणून आपली प्रत्येक सूचना त्याला नीट ऐकू येते. वीस मीटरचे मोठे वर्तुळ, मान पुढे-खाली लांबवू देणे, मग थांबणे, पुन्हा निघणे, दोन पावले मागे घेणे, हे सारे चालीतच होते. त्यानंतर ‘खांदा आत’ हा व्यायाम घ्यावा. अठराव्या शतकात फ्रान्सच्या ग्वेरिनिएर या अश्वारोहण-शिक्षकाने या व्यायामाला त्याचे आजचे रूप दिले. घोडा भिंतीलगत जातो, पण त्याचे खांदे साधारण तीस अंश आत आणलेले असतात, त्यामुळे आतला मागचा पाय पोटाखाली खोल टाकावा लागतो आणि बाहेरची बाजू ताणली जाते. दुडकीत हा व्यायाम आखडलेल्या घोड्यावर लादला तर तो ताल सोडतो. चालीत, हळूहळू, आठ-दहा पावलांचे तुकडे करून केला, तर पाठीचा एकेक मणका मोकळा होत असल्यासारखे खोगिरात जाणवते. हिवाळ्यात मी इतर सगळे सोडेन, हे सोडणार नाही.

साहित्याविषयी थोडक्यात सांगते. लगामाचे लोखंडी बिट हाताच्या ऊबेने किंवा कोमट पाण्याने गरम करूनच तोंडात द्यावे. बर्फात बाहेर जायचे असेल तर नालबंदाला आधीच सांगावे, कारण तळव्याच्या ऊबेने वितळलेला बर्फ लोखंडी नालेला चिकटून पुन्हा गोठतो आणि घोडा खुराखाली गोळे घेऊन डगमगत चालतो. यावर रबरी पट्टीची नाल मिळते. जमीन दगडासारखी गोठलेली असेल, तर चालीपलीकडे काही करू नये.

हवेबद्दल मात्र मला आग्रहाने बोलायचे आहे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. उभा असताना त्याच्या फुप्फुसांतून मिनिटाला साधारण ७० लिटर हवा जाते, तर भरधाव दौडीत १,५०० लिटरांहून अधिक. एवढी गोठलेली हवा नाकात पुरेशी गरम होत नाही आणि श्वासनलिकांना त्रास देते, म्हणून कडाक्याच्या थंडीत वेगाचे काम टाळावे. ड्रेसाजमध्ये तितका वेग क्वचितच लागतो. खरे नुकसान होते ते आपण दयेपोटी पागेच्या खिडक्या बंद करतो तेव्हा, कारण मग गवताची धूळ आणि लिदीमुताचा अमोनिया आतच कोंडतो. खिडक्या उघड्या ठेवा. घोड्याला थंडी सोसते, कोंडलेली हवा सोसत नाही.

काम झाल्यावर पुन्हा पंधरा मिनिटे चाल हवी. घामाने केस ओले झाले की त्यांत अडकलेली ऊबदार हवा निघून जाते, म्हणून लोकरीची झूल घालून घोडा पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबावे आणि मगच रात्रीची झूल चढवावी. कान गार लागले म्हणून घाबरू नये, झुलेखाली खांद्याजवळ हात घालून पाहावे. पाणी कोमट द्यावे. बर्फगार पाणी घोडा कमी पितो, आणि कोरडे गवत खाऊन पाणी कमी प्यायलेल्या घोड्याच्या आतड्यात चारा घट्ट होऊन पोटशूळ उठतो. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते दहा किलो गवत लागते, आणि ते मोठ्या आतड्यात आंबताना जी उष्णता निर्माण होते, तीच त्याची शेगडी असते.

जे घोडे रोज घाम येईपर्यंत काम करतात, त्यांचे केस मशिनने कापावे लागतात आणि कापले की झुलेची जबाबदारी आपली. हे केस वाढतात आणि गळतात ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवर, तापमानावर नव्हे. म्हणून जानेवारीच्या शेवटी, बाहेर उणे आठ अंश असतानाही, खरारा करताना हातात केसांचे पुंजके येऊ लागतात. उन्हाळ्याचा नवा कोट तेव्हा उगवू लागलेला असतो, आणि त्या दिवसापासून मी कापण्याचे मशीन पेटीत ठेवून देते.