फीपेक्षा मोठा चेक

(शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांसमोर अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण घरी किंवा ऑनलाइन शिकवण्या घेतात. कुणी गणित शिकवतं, कुणी तबला-पेटी, कुणी एसएटीची, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करून घेतं. मला बोलावलं गेलं ते मी अनेक वर्षं इथल्या एका बँकेत चेकच्या कामावर होतो म्हणून. न वटता परत आलेले चेक माझ्या टेबलावर यायचे, आणि त्यातल्या काहींच्या मागे एखाद्या शिक्षकाची सही असायची. आज मला त्या चेकांबद्दल, म्हणजे खोटा चेक पाठवून शिक्षकांना फसवणाऱ्या भामट्यांबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात एका निरोपाने होते. तुम्ही शिकवणीची जाहिरात टाकलेली असते, त्यात तुमचा ईमेल किंवा फोन असतो. कुणी तरी लिहितं की माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, पुढच्या महिन्यात तो तुमच्या भागात राहायला येतोय, आठवड्यातून तीनदा शिकवाल का, महिनाभराची एकूण फी कळवा, मी चेकने आगाऊ देईन. पुढे असतं की मी कामासाठी परदेशी आहे, किंवा मला ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोन नको, मेसेजवरच बोलू. भाषा अदबीची असते. मुलाला घेऊन कोण येणार, ड्रायव्हर की सांभाळणारी बाई, हेही पहिल्या-दुसऱ्या निरोपातच सांगून टाकलेलं असतं.

आता हाच निरोप शिक्षकाच्या नजरेने वाचा. विषयाचं नाव बहुतेकदा नसतंच, ‘तुम्ही जे शिकवता ते’ एवढंच असतं, कारण तोच मजकूर गणिताच्या मास्तरांना, गाण्याच्या बाईंना आणि पोहण्याच्या प्रशिक्षकालाही गेलेला असतो. मुलगा कितवीत आहे, कुठे अडतो, आधी कुणाकडे शिकला, यातलं काही नाही. तुम्ही उलट विचारलंत की त्याला बीजगणित जड जातं की भूमिती, तर उत्तर येतं, तुम्हीच काय ते ठरवा, आणि लगेच पुढचं वाक्य फीबद्दल. खरे पालक कसे बोलतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते मुलाबद्दल इतकं सांगतात की पैशाचा विषय शेवटी तुम्हालाच काढावा लागतो. आपल्या लेकराबद्दल एकही गोष्ट सांगायची नाही आणि चेक कुणाच्या नावाने काढू हे मात्र दोनदा विचारायचं, असे आईवडील मी तरी पाहिलेले नाहीत.

मग पाकीट येतं. समजा तुमची फी तासाला ५० डॉलर, बारा तासांचे ६०० झाले. चेक असतो २,४५० डॉलरचा. निरोप असतो की ६०० तुमचे, वर ५० तुमच्या त्रासाबद्दल ठेवा, उरलेले १,८०० मुलाला ने-आण करणाऱ्या ड्रायव्हरला आज पाठवून द्या, त्याचा खर्च मी याच चेकमध्ये घातलाय. कधी ड्रायव्हरऐवजी पुस्तकवाला असतो, कधी ट्रॅव्हल एजंट. कधी सरळ सांगतात की हिशेबनीसाने चुकून जास्तीचा चेक काढला, फरक परत करा. पैसे पाठवायचे ते झेलने (Zelle, बँकेच्या ॲपमधून लगेच पैसे पाठवायची सोय), वायरने (बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात), नाही तर गिफ्ट कार्ड घेऊन त्याच्या मागचा नंबर कळवून. म्हणजे गेले की परत येणार नाहीत अशाच वाटेने.

तो चेक हातात घेऊन पाहिला तर भल्याभल्यांना शंका येत नाही. कागद जाड, कडेला दातेरी फाड, बँकेचं बोधचिन्ह, खाली चुंबकीय शाईतले वाटावेत असे आकडे. अनेकदा तो कॅशिअर्स चेक असतो, म्हणजे बँकेने स्वतःच्या खात्यावर काढलेला, आणि म्हणून लोक डोळे झाकून भरवसा ठेवतात. एक विसंगती मात्र पुन्हा पुन्हा दिसायची. लिहिणारे गृहस्थ एका नावाचे, चेक भलत्याच कंपनीचा, आणि पाकीट तिसऱ्याच राज्यातून आलेलं. ती कंपनी बहुतेकदा खरी असते. तिच्या एखाद्या खऱ्या चेकवरून खातेक्रमांक उचललेला असतो आणि तिला या सगळ्याचा पत्ताही नसतो.

इथे गणिताचे शिक्षक आहेत म्हणून सांगतो. चेकच्या तळाशी नऊ आकडी राउटिंग नंबर, म्हणजे बँकेची ओळख सांगणारा नंबर असतो आणि त्याचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आकड्यांना ओळीने ३, ७, १, पुन्हा ३, ७, १ असं गुणत जायचं. बेरजेला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. फेडरल रिझर्व्ह म्हणजे इथली मध्यवर्ती बँक, तिच्या बोस्टनच्या बँकेचा नंबर ०११००००१५ असा आहे. त्यात ७, १, ७ आणि ५ मिळून २० होतात. भाग जात नसेल तर तो नंबर नक्की चुकीचा. पण भाग गेला म्हणून चेक खरा ठरत नाही, कारण भामटे नंबर खऱ्या बँकेचाच छापतात. कधी मुद्दाम एका बँकेचं नाव आणि दुसऱ्या बँकेचा नंबर छापलेला असतो. असा चेक चुकीच्या दारी जाऊन परत यायला आणखी वेळ लागतो, आणि त्यांना हवा असतो तो वेळच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुम्ही चेक भरता, दुसऱ्या दिवशी ॲप उघडता, आणि खात्यात पैसे दिसतात. आपल्यापैकी जे भारतात वाढले त्यांच्या मनात एक सवय पक्की बसलेली असते, की चेक वटला म्हणून पैसे दिसले. तिकडे साधारणपणे चेक वटल्यावरच रक्कम वापरायला मिळते. इथला कायदा वेगळा आहे. पूर्वी अमेरिकी बँका ग्राहकाचा चेक कित्येक दिवस अडकवून ठेवायच्या. लोकांची ओरड झाली, आणि १९८७ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला की ठरावीक मुदतीत बँकेने ग्राहकाला पैसे वापरू दिलेच पाहिजेत. फेडरल रिझर्व्हच्या ‘रेग्युलेशन सीसी’ या नियमावलीत त्या मुदती दिल्या आहेत. नेहमीच्या चेकपैकी पहिले २७५ डॉलर पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात. हा आकडा १ जुलै २०२५ पासूनचा, त्याआधी तो २२५ होता. उरलेली रक्कम सहसा त्याच्याही पुढच्या कामाच्या दिवशी. कॅशिअर्स चेक स्वतः खिडकीवर जाऊन आपल्या खात्यात भरला तर साधारणपणे पूर्ण रक्कम पुढच्याच कामाच्या दिवशी. मोठ्या रकमेला, नव्या खात्याला किंवा संशय आला तर बँकेला जास्त दिवस थांबता येतं, पण दोन-अडीच हजारांचा चेक बहुतेकदा अडवला जात नाही. भामट्यांच्या चेकचे आकडे या बेतात का बसतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

कायदा ग्राहकाच्या भल्यासाठीच झाला आणि तो चांगला आहे, असं माझं आजही मत आहे. पण त्यामुळे एक फट तयार झाली. त्या दोन दिवसांत तुम्हाला जे दिसतं ते चेक देणाऱ्याचे पैसे नसतात. ते तुमच्या बँकेने तुमच्या भरवशावर आधी दिलेले असतात. चेक खोटा आहे हे कळायला काही दिवस, कधी काही आठवडेही जातात. तो परत आला की बँक पूर्ण २,४५० तुमच्या खात्यातून काढून घेते, वर बहुतेक ठिकाणी दंड लावते, आणि कायद्याने तिला तो अधिकार आहे. चेक भरणाऱ्याने चेकची जबाबदारी घेतलेली असते. ड्रायव्हरला पाठवलेले १,८०० मात्र तुमचे, खरे, घामाचे असतात. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर तुम्ही बँकेचे देणेकरी होता.

झेलबद्दल नेहमी विचारलं जातं. १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याने तुम्हाला संरक्षण दिलंय ते तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. इथे बटण तुम्ही स्वतः दाबलेलं असतं. फसवून दाबायला लावलं असलं तरी बँक बहुतेक वेळा याच मुद्द्यावर हात वर करते. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज परिस्थिती अशी आहे.

एका तरुण शिक्षिकेची गोष्ट सांगतो. तिची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. ती विद्यार्थिनी होती, जोडीला शिकवण्या घ्यायची. चेक भरताना तिने खिडकीवर विचारलं, पैसे आले का? उत्तर मिळालं, हो, खात्यात आहेत. उत्तर खोटं नव्हतं, पण तिला जे विचारायचं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. तिने त्याच दुपारी फरक पाठवून दिला. नंतर आमच्यासमोर बसून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘ते पैसे माझे नव्हते ना, मग ठेवून कसे घेणार?’ तिच्या घरी काही माहीत नव्हतं, आणि कळू नये म्हणून ती धडपडत होती.

हे वाक्य मी विसरलेलो नाही. लोक म्हणतात, हाव धरली म्हणून फसले. या फसवणुकीत तसं नसतं. ज्याला हाव असते तो जास्तीचे पैसे दाबून बसतो, आणि अशा माणसाकडून भामट्याला दमडीही मिळत नाही. परक्याचा पैसा आपल्याकडे राहू नये म्हणून जो त्याच दिवशी तो पाठवतो, नेमका तोच सापडतो. म्हणून अशा माणसाला घरच्यांनी ‘एवढी शिकलेली आणि कळलं नाही?’ असं म्हणू नये, ही माझी हात जोडून विनंती. या एका प्रश्नाच्या भीतीने माणसं गप्प बसतात आणि तक्रारीचे मोलाचे दिवस हातचे जातात.

एफटीसीने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, २०२० च्या सुरुवातीला आकडे दिले होते. २०१९ या एका वर्षात खोट्या चेकच्या तक्रारींमधलं नुकसान २.८ कोटी डॉलरच्या वर होतं. नुकसानीचा मध्यांक होता १,९८८ डॉलर, म्हणजे निम्म्यांचं नुकसान याहून कमी, निम्म्यांचं जास्त. आणि विशीतल्या लोकांनी पैसे गेल्याचं सांगण्याचं प्रमाण तिशी आणि त्यापुढच्यांच्या दुपटीहून जास्त होतं. आपण समजतो म्हातारी माणसं फसतात. इथे मात्र ज्यांनी आयुष्यात चार-दोनच चेक हाताळलेत ती मुलं फसतात. घरी कॉलेजातली मुलं शिकवण्या घेत असतील तर आजच त्यांच्याशी बोला.

करायचं काय, तर एक नियम पाळलात तरी पुरे आहे. ज्याने चेक दिला त्याच्या सांगण्यावरून त्या चेकमधला एक डॉलरही पुढे कुणाला पाठवायचा नाही. कारण काहीही असो, मूल आजारी असो, ड्रायव्हर विमानतळावर अडकलेला असो. रक्कम जास्त आली तर चेक न भरता म्हणा, बरोबर रकमेचा नवा पाठवा. खरा पालक दिलगिरी व्यक्त करेल आणि पाठवेल. भामटा आधी गयावया करतो, मग घाई करतो, मग पोलिसांची धमकी देतो. धमकी आली म्हणजे तुमचं बरोबर चाललंय असं समजा.

चेकबद्दल शंका असेल तर ज्या बँकेचं नाव त्यावर आहे तिला फोन करा, पण चेकवर छापलेल्या नंबरवर नव्हे. तो नंबर भामट्याच्या जोडीदाराचा असू शकतो आणि तो आनंदाने सांगेल की चेक खरा आहे. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर घ्या, आणि चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम सांगून असा चेक तुम्ही काढलाय का, असं विचारा. आपल्या बँकेत ‘पैसे आले का’ असं विचारू नका. ‘समोरच्या बँकेने हा चेक अंतिमतः चुकता केलाय का, की तो अजून परत येऊ शकतो’ असं विचारा. आणि शक्य असेल तर पालकाशी व्हिडिओवर पाच मिनिटं बोलल्याशिवाय पहिला तास ठरवूच नका. तसाही मुलाचा अंदाज घ्यायला तो वेळ लागतोच.

शेवटी एका ताईंनी विचारलं, चेक भरून झालाय, पैसे खात्यात दिसतायत, पण अजून कुणाला पाठवलेले नाहीत, मग काय करू? तर ताई, तुमचं फारसं बिघडलेलं नाही. त्या रकमेला हात लावू नका, आजच बँकेच्या शाखेत जाऊन चेक खोटा असावा असं सांगा आणि तसं सांगितल्याची नोंद करून घ्या. समोरच्याला उत्तर देत बसू नका. ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांनी त्याच तासाला बँकेला फोन करून वायर थांबवता येईल का ते विचारायचं. गिफ्ट कार्ड असेल तर ते काढणाऱ्या कंपनीला कळवायचं, पावती आणि कार्ड दोन्ही जपून ठेवायचं. तक्रार एफटीसीकडे रिपोर्टफ्रॉड डॉट एफटीसी डॉट गव्ह इथे होते, आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेही करा. चेक टपालाने आला असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसला, म्हणजे टपालखात्याच्या तपासयंत्रणेलाही कळवा, कारण मग तो टपालातला गुन्हाही ठरतो. चेकचा फोटो, सगळे मेसेज आणि पाकीट टाकून देऊ नका. पाकिटावर शिक्का असतो, कुठून आणि कधी निघालं ते त्यावरून कळतं.