आधी न्यूट्रल शोधा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या गाडीच्या गिअर लिंकेजची ॲडजस्टमेंट'. लिंकेज म्हणजे गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे रॉड. त्याकडे येतोच. पण आधी बुशांबद्दल, म्हणजे रॉडच्या सांध्यात बसणाऱ्या छोट्या कड्यांबद्दल बोलू द्या. लिंकेजच्या नावाने जी बोंब होते, तिचा बराचसा वाटा बुशांचा असतो.

आपण बोलतोय ते ज्या गिअरबॉक्सच्या कुशीला लिव्हर असतात त्याबद्दल. एक पहिल्या-दुसऱ्याचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा, एक रिव्हर्सचा. साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांतली 'मन्सी'चा गिअरबॉक्स आणि 'हर्स्ट'चा शिफ्टर (गिअरचा दांडा आणि त्याखालची यंत्रणा) ही जोडी तुम्हाला माहीत असेलच. प्रत्येक लिव्हरला एक रॉड आणि रॉडच्या टोकांना नायलॉनचे बुश.

आता हिशेब करा. पिव्होटपासून, म्हणजे दांडा ज्यावर झुलतो त्या खिळीपासून, मुठीपर्यंत दांडा 12 इंच आणि पिव्होटच्या खाली 2 इंच धरा. खाली 1 मिमी ढिलाई म्हणजे मुठीपाशी 6 मिमी. दोन बुश अर्धा-अर्धा मिलिमीटर झिजले तरी तेवढीच. आणि आपण करतो काय? रॉड फिरवत बसतो! झिजलेल्या बुशाची ढिलाई लांबी बदलून जात नाही, या बाजूची त्या बाजूला सरकते. पहिला नीट पडायला लागला की दुसरा रुसतो. रॉड उलटा फिरवा, दुसरा खूश, पहिला फुगून बसला. (हशा) हसताय म्हणजे हे खेळ इथे बऱ्याच जणांनी केलेत.

तपासणी सोपी आहे. एकाने आत बसून दांडा हळूच मागेपुढे करायचा, दुसऱ्याने खालून पाहायचं. शिफ्टरची बाजू हलतेय आणि गिअरबॉक्सचा लिव्हर गप्प आहे, ती जागा बोटाने चाचपा. बुश काढलात की लिव्हरचं भोकही बघा. ते अंडाकृती झालं असेल तर नव्या बुशाने काही होणार नाही. भोक वेल्डने भरून पुन्हा पाडावं लागतं.

अन् क्लच विसरू नका. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर रिव्हर्स किंचाळतो? मग लिंकेजला हात लावू नका, क्लच पूर्ण सुटत नाहीये.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मूळ विषय, भरभर.

इंजिन बंद, पुढच्या चाकांना अडसर. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. तिन्ही रॉड सोडवा. पहिल्या-दुसऱ्याचा आणि तिसऱ्या-चौथ्याचा लिव्हर दोन्हीकडे ढकलून 'टक्' ऐका आणि मधल्या खाचेत थांबा. रिव्हर्सला मधली खाच नाही, दोनच जागा. त्याला रिव्हर्समधून बाहेर काढून ठेवा. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हाताने सहज फिरला की बॉक्स न्यूट्रलमध्ये आहे.

आता शिफ्टर. दांडा न्यूट्रलला आणून, त्याच्या खाली रॉड जिथे जोडतात त्या तिन्ही पात्यांच्या भोकांतून पाव इंची पिन आरपार घाला. पिन नसेल तर पाव इंची ड्रिलचा गुळगुळीत मागचा भाग चालतो. मग एकेका रॉडचा स्विव्हल (टोकाचा फिरता तुकडा) आट्यांवर फिरवत, तो ज्यात बसतो त्या भोकासमोर आणा. तो बोटाने आत गेला पाहिजे. ओढावा, रेटावा लागला तर अर्धा फेरा अजून. नट घट्ट करताना स्विव्हल दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तो फिरतो आणि केलेलं सगळं वाया. शेवटी पिन बोटांनी निघाली आणि पुन्हा गेली, तर जमलं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दांडा अडतो तो इथे चुकल्यामुळे: एक पातं तिरकं राहिलं की खाचा समोरासमोर येत नाहीत.

राहिले स्टॉप बोल्ट, दांड्याला पुढे-मागे ठरावीक जागी अडवणारे. आधी दोन्ही बरेच बाहेर काढा. दांडा तिसऱ्यात घट्ट दाबून धरा, बोल्ट टेकेपर्यंत आत न्या, दांडा सोडा, आणखी एक फेरा द्या, चेकनट आवळा. चौथ्यात ओढून दुसऱ्या बोल्टचं तसंच. बोल्ट जास्त आत गेला तर गिअर पूर्ण बसत नाही आणि ॲक्सिलरेटर सोडला की निसटतो. फार बाहेर राहिला तर तुमच्या हाताचा सगळा जोर बॉक्सच्या आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर पडतो.