ट्रेलरवरच्या दोन टाक्या

[दृश्य: सकाळ. पाइनची झाडं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर शेजारीशेजारी दोन टाक्या.]

ॲरिझोना. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरचं मेथर कॅम्पग्राउंड, उंची साधारण २१०० मीटर. इथे ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावायला जागा मिळते. वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही. शेगडी, हीटर, गरम पाणी, सगळं टाकीतल्या प्रोपेन गॅसवर. फ्रिजसुद्धा गॅसवर चालतो, यावर आपल्याकडून आलेले पाहुणे पटकन विश्वास ठेवत नाहीत. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो आणि टाकी संपायची तीही नेमकी पहाटे तीनला.

[दृश्य: व्हॉल्व्हच्या तोंडाचं जवळून चित्रण.]

आपला हात खटक्याच्या रेग्युलेटरला सरावलेला. इथे खटका नाही, आटे आहेत, आणि तेही दोन तऱ्हांचे. जुन्या पद्धतीत पितळी नट व्हॉल्व्हच्या तोंडात आत जातो. त्याचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवला की आवळतो, आणि त्याला पाना लागतो. नव्या पद्धतीत मोठा प्लास्टिकचा नट तोंडावर बाहेरून बसतो. तो सरळ, उजवीकडे फिरवायचा आणि फक्त हाताने. इथे पाना लावू नका. आग लागून तो नट तापला तर वितळतो आणि टाकीतून येणारा गॅस आपोआप थांबतो. ही सोय पाना लावून चिरडायची नसते.

टाकी बदलण्याआधी आतली सगळी उपकरणं बंद, जवळपास विडी-काडी नाही. रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनच नट सोडवायचा. भरलेली टाकी उभीच बसवायची आणि पट्ट्याने घट्ट बांधायची. आडवी पडली तर वायूऐवजी द्रव प्रोपेन नळीत शिरतो.

[दृश्य: हात व्हॉल्व्हची चकती अगदी हळू फिरवतोय.]

आता खरी गंमत. घाईने व्हॉल्व्ह उघडला की रिकाम्या नळीत गॅस धावतो. आतल्या सुरक्षा-झडपेला वाटतं नळीच तुटली, आणि ती मिटते. मग शेगडीवर ज्योत मिणमिणते, हीटर पेटत नाही, आणि लोक भरलेली टाकी परत करायला दुकानात जातात! उपाय सोपा आहे. व्हॉल्व्ह बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा उघडा, पण अगदी सावकाश.

[दृश्य: ब्रशने नटाभोवती फेस. एका बाजूला बुडबुडा फुगतो.]

हा बुडबुडा पाहा. फुगतोय म्हणजे गळतंय. व्हॉल्व्ह बंद, नट सोडवून पुन्हा नीट बसवायचा, परत फेस लावायचा. तरीही फुगला, तर ती टाकी वापरायची नाही. साबण साधा हवा. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला पितळ खातो. आणि काडी ओढून गळती शोधणाऱ्याला नमस्कार करून दूर व्हावं.

टाकीत दाब १०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) वरही जातो. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर तो अर्ध्या पीएसआयच्याही खाली आणतो, आपल्या घरच्या शेगडीला मिळतो जवळपास तेवढाच. या रेग्युलेटरवर एक खिडकी आहे: हिरवी म्हणजे गॅस आहे, लाल म्हणजे वापरातली टाकी संपली. रेग्युलेटर आपणहून दुसऱ्या टाकीवर जातो, पण त्यावरची छोटी दांडी भरलेल्या टाकीकडे वळवल्याशिवाय रिकामी काढायची नाही.

[दृश्य: ट्रेलरच्या आत, जमिनीलगत छोटा सेन्सर.]

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून सेन्सर इथे खाली. तो वाजला किंवा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, टाक्या बंद करा.

भरून घेताना टाकीच्या गळ्यावर कोरलेली तारीख बघा. १२ वर्षं उलटली असतील तर फेरतपासणीशिवाय ती भरून मिळत नाही. भरतातही ८० टक्केच, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो. रस्त्याला लागताना व्हॉल्व्ह बंद ठेवा. मार्गही आधी बघून ठेवा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या बाल्टिमोर शहरात बंदराखालच्या बोगद्यांतून अशा टाक्या नेता येत नाहीत, वळसा घालावा लागतो.