36 नंतरचे दहा दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

19 डिसेंबर 2020. शनिवारची सकाळ होती. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ॲडलेड कसोटीत आपला भारतीय क्रिकेट संघ दुसऱ्या डावात 1 बाद 9 वरून पुढे खेळायला उतरला, तेव्हा पहिल्या डावातली 53 धावांची आघाडी हाताशी होती. इकडे नाशिकमध्ये घरोघरी चहा-नाश्ता आटोपतो न आटोपतो तोच डाव संपला होता. फलकावर 36 धावा. सर्वाधिक 9 मयंक अगरवालच्या, दोन आकडी धावा एकालाही जमल्या नाहीत. जोश हेझलवूडने 5 षटकांत 8 धावा देऊन 5 बळी घेतले. कसोटीतली आपली ही आजवरची सर्वांत कमी धावसंख्या.

त्या दिवशी टीव्हीवर, कट्ट्यावर, सगळीकडे एकच सूर होता: यांना खेळता येत नाही, यांच्यात जिद्दच नाही. पण तो धावफलक आता शांतपणे वाचून बघा. पुजारा, अगरवाल, रहाणे, विहारी, अश्विन. पाचही जण यष्टीमागे टिम पेनच्या हाती झेल देऊन बाद. उतावीळपणे उंच फटका मारायला गेलेला यांच्यात एकही नाही. टप्पा अचूक, चेंडू हलतोय आणि प्रत्येक वेळी बॅटची कड लागतेय. एरवी असे चेंडू बॅटला चकवून निघून जातात, फलंदाज मान हलवतो आणि पुढच्या चेंडूला उभा राहतो. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक कडेचा झेल झाला. फलंदाजी वाईट झाली हे खरंच, पण 36 इतकी वाईट ती नव्हती. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर संघाने जे केलं ते हा फरक ओळखूनच केलं असं मी मानतो.

मेलबर्नची कसोटी 26 तारखेला सुरू होणार होती. बाळाच्या जन्मासाठी विराट कोहली मायदेशी परतला, गोलंदाज मोहम्मद शमीचा हात दुखावला होता. 36 धावांत गारद झालेला कोणताही संघ कोहलीच्या जागी आणखी एक फलंदाज घेईल ना? आपण रवींद्र जडेजाला घेतलं, म्हणजे पाचवा गोलंदाज घेतला! भीतीपोटी हा निर्णय झालाच नसता. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज यांनी तिथेच पदार्पण केलं. कर्णधार होता अजिंक्य रहाणे, ज्याचं मूळ गाव आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातलं. ॲडलेडला शून्यावर बाद झालेल्या या माणसाने मेलबर्नला 112 धावा केल्या. जडेजाच्या अर्धशतकासाठी धाव घेताना तो धावबाद झाला, पण तक्रारीचा एक हावभाव न करता जडेजाला धीर देऊन परतला. 29 डिसेंबरला आपण 8 गडी राखून जिंकलो. पुढे सिडनीला अनिर्णित, ब्रिस्बेनला विजय आणि मालिका आपली.

माणसांवर शिक्का मारायची घाई काय करते, हे 1974 साली दिसलं होतं. अजित वाडेकरांच्या संघाने 1971 मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच देशात हरवलं, तेव्हा इंदूरमध्ये त्या विजयाची भलीमोठी बॅट उभारली गेली. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर आपला डाव 42 धावांत आटोपला आणि त्याच बॅटची लोकांनी विटंबना केली. वाडेकर त्याच वर्षी निवृत्त झाले.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर चांदवड तालुक्यातल्या तळेगावच्या दत्तू भोकनळचं. 2018 च्या आशियाई स्पर्धेत रोइंगच्या एकेरी अंतिम शर्यतीत आजारपणामुळे तो शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी तोच दत्तू चौघांच्या नावेत बसला आणि भारताने सुवर्णपदक जिंकलं. त्या एका रात्रीत त्याच्याविषयी कोणी काय काय बोललं असेल, पण त्याच्या साथीदारांनी त्याची जागा रिकामी केली नाही.

सगळेच सावरतात असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. ते खोटं होईल. ॲडलेडला सलामीला आलेल्या पृथ्वी शॉला त्यानंतर पुन्हा कसोटी खेळायला मिळालेली नाही. 2024 च्या ऑक्टोबरात बेंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध आपण 46 धावांत बाद झालो. दुसऱ्या डावात 462 केल्या, सर्फराज खानने 150 काढल्या, तरी सामना गेला आणि पाठोपाठ मालिकाही 3-0 ने गेली. जिवापाड प्रयत्न करूनही हार पत्करावी लागते. त्या 150 धावांचं मोल त्यामुळे कमी होत नाही.

गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, लहान मुलांचे सामने बघणारे पालक माझं हे बोलणं ऐकत असतील. मूल शून्यावर बाद होऊन येतं आणि पॅड सोडायच्या आतच त्याला कडेला घेऊन आपली उलटतपासणी सुरू होते. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, त्याला आधी पाणी पिऊ द्या, डबा खाऊ द्या. बाद कसा झालो हे तो स्वतःच सांगेल. तेव्हा चेंडू कसा होता, हेही त्याला विचारा.

नमस्कार.