अंग गार पडलं म्हणजे

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या भागात कुणाचं बरंवाईट झालं की निरोप घेऊन आलेला माणूस सरळ 'गेला' म्हणत नाही. "आंग गार पडलं होतं जी," एवढंच सांगतो आणि ऐकणारा काय ते समजतो. ऊब म्हणजे जीव आणि गार म्हणजे मरण, हे आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते तुम्हाला उलटं वाटेल. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं, पण माणूस शुद्धीवर आला नाही, तर पुढचे तीन दिवस त्याला ताप चढू द्यायचा नसतो. त्याच्या अंगावर गोधडी टाकायची नसते. अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, आणि नातेवाइकांशी माझी सगळ्यात जास्त ओढाताण याच गोष्टीवरून झाली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मे महिना, नवतपा लागलेला. आर्वीकडचे एक संत्र्याचे बागायतदार रात्री मोटर सुरू करायला गेले, कारण शेतीची लाईन तेव्हा रात्री यायची. ओला हात स्टार्टरच्या पेटीला लागला आणि ते चिकटले. सोबत पुतण्या होता. त्या पोराने आधी मेन स्विच पाडला आणि मगच काकाला हात लावला. हा क्रम चुकला असता तर घरातून दोन माणसं गेली असती. काका श्वास घेत नव्हते. त्याने १०८ ला फोन लावला आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला लागला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल, गाडी येईपर्यंत. गाडीतल्या डॉक्टरांनी शॉक दिला. विजेने थांबलेलं हृदय विजेनेच पुन्हा चालू झालं.

आमच्याकडे आणलं तेव्हा नाडी चांगली लागत होती, पण श्वास मशीनवर होता आणि हाकेला ओ नव्हती. त्यांच्या घरच्या बाईंनी तळपायाला हात लावला आणि रडायलाच लागल्या. "सिस्टर, पाय बर्फावानी थंडे होऊन राह्यले. थे गोधडी टाकू द्या ना जी त्यायच्या आंगावर. काऊन नाही म्हनता?"

का नाही म्हणते, ते तुम्हालाही सांगते. कुटाराच्या ढिगाला आग लागली तर वरून पाणी मारून ज्वाळा विझतात, पण आत ढीग धुमसतच राहतो. मेंदूचं तसंच असतं. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा व्हायला लागते. रक्त पुन्हा सुरू झालं म्हणून ती तिथेच थांबत नाही. पुढचे कित्येक तास, कधी काही दिवस, पेशी आतून सुजत आणि मरत राहतात. अशा वेळी चढणारा ताप म्हणजे त्या ढिगावरचा वारा. अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने उतरलं की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते. चढलं की तितकी वाढते, आणि ती भागवायची ताकद त्या जखमी मेंदूत नसते.

अशा रुग्णाला मुद्दाम थंड करावं हा विचार जुना आहे. २००२ साली दोन अभ्यास छापून आले. त्यांत युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डॉक्टरांनी बेशुद्ध रुग्णांचं अंग ३२ ते ३४ अंशांपर्यंत उतरवलं, युरोपात २४ तास, मेलबर्नला १२ तास. युरोपात थंड केलेल्यांपैकी ५५ टक्के लोक चांगले सावरले, न केलेल्यांपैकी ३९ टक्के. त्यानंतर जगभर बर्फाच्या पिशव्या आणि थंड पाण्याच्या गाद्या आल्या. पुढे २०१३ मध्ये ३३ अंश आणि ३६ अंश यांची तुलना झाली, तर काही फरक निघाला नाही. २०२१ मध्ये सुमारे १९०० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. अर्ध्यांना ३३ अंशांवर नेलं आणि अर्ध्यांना फक्त ताप येऊ दिला नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे जवळपास निम्मे रुग्ण दगावलेले होते. खूप थंड केलेल्यांमध्ये हृदयाचे ठोके बिघडण्याचा त्रास मात्र जास्त झाला. बऱ्याच जाणकारांना वाटतं की २००२ च्या अभ्यासांत ज्यांना थंड केलं नव्हतं, त्यांच्यात पुष्कळांना ताप आला असणार आणि त्यानेच ते मागे पडले. डॉक्टरांमध्ये यावर अजून वाद आहे, काही रुग्णांना ते आजही ३३ अंशांपर्यंत नेतात. पण ताप येऊ द्यायचा नाही, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे.

हे आपल्यासाठी फार मोलाचं आहे. लाखोंची मशीन नसली तरी ताप रोखता येतो. पॅरासिटामॉल, ओल्या चादरी, पंखा, मान-काख-जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ, आणि दर तासाला आकडा बघणारं कुणीतरी. मर्यादा ३७.५ अंशांच्या आसपासची, म्हणजे आपल्या घरच्या थर्मामीटरवर ९९.५. शंभराच्या वर जाऊ द्यायचंच नाही.

यातलं सगळ्यात अवघड काम आकडा बघण्याचं आहे. मी नवीन असताना ज्या रुग्णालयात होते, तिथे असाच एक तरुण मुलगा होता. दुसऱ्या रात्री लाईट गेली, कूलर बंद पडला, वॉर्ड भट्टीसारखा तापला. आम्ही काखेत थर्मामीटर लावत होतो, तो ९९ दाखवायचा. काखेतला आकडा आतल्यापेक्षा कमीच येतो. हाताला चटका बसायला लागला तेव्हा पुन्हा नीट मोजलं, १०३ होता. मुलगा जगला. पण आईला ओळखत नव्हता. तेवढ्या तापानेच झालं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ती रात्र मात्र माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून अशा रुग्णाचं तापमान मूत्राशयात किंवा अन्ननलिकेत घातलेल्या नळीवरून मोजायचं. तशी सोय नसेल तर निदान वारंवार मोजायचं.

आता त्या बाईंच्या गोधडीकडे येते. अंग थंड ठेवलं की शरीर कुडकुडून ऊब तयार करू बघतं. हुडहुडी भरली की प्राणवायू जास्त जळतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. कधी ती डोळ्यांना दिसतही नाही, जबड्याला हात लावला की बारीक थरथर कळते. त्यासाठी गुंगीची औषधं देतात. शिवाय एक साधा उपाय आहे, हात आणि पाय तेवढे उबदार ठेवायचे. कातडीला ऊब मिळाली की शरीर फसतं आणि कुडकुडणं कमी होतं. मी त्या बाईंना म्हटलं, "वहिनी, गोधडी नाही, पण पायमोजे घालून द्या." त्यांनी भावाला बाजारात पाठवून चार जोड्या मागवल्या. दोन पायांत, दोन हातांत. त्या दिवसापासून त्या शांत झाल्या, आणि दर तासाचा आकडा मला विचारून पोराच्या वहीत लिहायला लागल्या.

उष्माघाताशी याची गल्लत करू नका. ऊन लागून अंग तापलं, माणूस बरळायला लागला, तर जागच्या जागी पाणी ओता, वारा घाला. पण हृदय थांबलेल्या माणसावर वाटेत बर्फाचं पाणी ओतायचं नाही. तिथे फक्त छाती दाबायची. अमेरिकेत सिअॅटलच्या परिसरात हृदय पुन्हा सुरू झालेल्यांना अॅम्ब्युलन्समध्येच थंड सलाईन देऊन पाहिलं होतं. फायदा झाला नाही, काहींचं हृदय वाटेत पुन्हा थांबलं.

दुसऱ्या दिवशी घरच्यांमध्ये एक प्रश्न फिरायला लागतो, 'आता काही उरलं नाही ना?' पाहुणे तर घरी न्या म्हणतात. गुंगीची औषधं चालू असताना याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. निदान ७२ तास जाऊ द्यावे लागतात, कधी त्याहून जास्त. माझी हात जोडून विनंती आहे, त्याआधी 'घरी नेतो' म्हणून सही करू नका.

ते बागायतदार सहाव्या दिवशी बोलले. आवाज श्वासाच्या नळीमुळे बसलेला होता. आजही त्यांना माणसांची नावं आठवायला वेळ लागतो, हिशेब पुतण्या बघतो. पण बागेत जातात.

तुमच्या घरावर अशी वेळ आलीच, तर दवाखान्यात सिस्टरना विचारा, आत्ता तापमान किती आहे आणि कुठून मोजलं. विचारल्याचा राग आम्हाला येत नाही. आणि पिशवीत दोन जोड्या सुती पायमोजे ठेवा, लागले तर आम्ही मागून घेऊ.

नमस्कार.