न झिजलेले डोंगर

श्रोतेहो,

संगणकावर डोंगर उभा करणे आज फार सोपे झाले आहे आणि या छंदाचे पहिले दुखणेही तेच आहे. ब्लेंडर ही मोफत मिळणारी प्रणाली उघडावी, तिला भूदृश्याचे अ‍ॅड-ऑन म्हणजे जादा साधन जोडावे, दोन-चार आकडे बदलावेत, की सुळके, दऱ्या आणि खिंडी असलेली एक अख्खी रांग पडद्यावर हजर होते. पहिल्यांदा पाहणारा थक्क होतो. दुसऱ्या दिवशी तीच रांग पाहिली की ती कुठलीच वाटत नाही, कारण यंत्राने दिलेल्या डोंगराला भूतकाळ नसतो. त्याच्यावरून कधी पाणी वाहिलेले नसते, त्याची दरड कधी कोसळलेली नसते. तो भूतकाळ त्याच्या अंगावर क्रमाक्रमाने उमटवत जाणे, हाच माझ्या मते या छंदाचा गाभा आहे आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

या डोंगरांमागचे गणित गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांच्या विचारांपर्यंत जाते. ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा साधा वाटणारा प्रश्न त्यांनी १९६७ साली विचारला आणि मोजपट्टी जितकी आखूड घ्यावी तितकी ही लांबी वाढत जाते, याकडे लक्ष वेधले. खडबडीतपणा लहानमोठ्या सर्व मापांवर सारख्याच धर्तीने दिसतो, या जाणिवेतून पुढे अपूर्णमितीय भूमिती म्हणजे फ्रॅक्टल आले. बोइंग कंपनीत काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटर यांनी ते पडद्यावर उतरवले. १९८० साली सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेत त्यांनी दाखवलेल्या अवघ्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत कॅमेरा गणिती पर्वतांवरून उडत जातो. त्या दोन मिनिटांनी त्यांना ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीचे दार उघडून दिले. पुढे केन पर्लिन यांनी सलग, मऊ चढउतारांचे यादृच्छिक आकडे देणारी, आज ‘पर्लिन नॉइज’ नावाने ओळखली जाणारी पद्धत शोधली आणि तिच्यासाठी १९९७ साली त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

अशा नॉइजमधून डोंगर करण्याची पद्धत समजायला अवघड नाही. पहिल्या थरात मोठे, संथ उंचवटे घ्यायचे. दुसऱ्या थरात त्यांच्या निम्म्या अंतरावरचे आणि निम्म्या उंचीचे. तिसऱ्यात त्यांच्याही निम्मे. अशा आठ-दहा थरांची बेरीज केली की डोंगर तयार. दोष असा, की हा खडबडीतपणा सगळीकडे एकसारखा पसरतो आणि दरीचा तळही शिखराइतकाच ओबडधोबड निघतो. प्रत्यक्षात दरीत गाळ साचतो आणि तळ सपाट होत जातो. येल विद्यापीठात मँडेलब्रॉट यांच्यासोबत काम केलेल्या केन मस्ग्रेव्ह यांनी यावर दोन उपाय केले. उंचीनुसार खडबडीतपणा कमी-जास्त करणे हा एक. आणि डोंगराची झीज संगणकाकडून करवून घेणे हा दुसरा, जो त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८९ साली मांडला.

ही झीज आजच्या अनेक प्रणालींमध्ये कशी चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. भूभाग म्हणजे उंचीच्या आकड्यांचे जाळे. त्याच्या कुठल्याही चौकटीवर पावसाचा एक थेंब पडतो, शेजारच्या सर्वांत खोल चौकटीकडे ओघळतो, उतार तीव्र असेल तिथे थोडी माती उचलतो आणि वेग मंदावला की ती टाकून देतो. असे लाखो थेंब गेले की घळी उमटतात, त्या एकमेकींना मिळतात, ओढ्यांचे जाळे दिसू लागते. त्याच वेळी सुटे दगड घसरत जाऊन साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतात. हे साधन हाती आले की नवशिका प्रत्येक उतारावर फासळ्या निघेपर्यंत पाऊस पाडत बसतो. झीज थांबवायची कधी, हे मात्र कुठलीही प्रणाली सांगत नाही.

आल्प्ससारख्या पर्वतांना एवढे पुरते. सह्याद्रीला पुरत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तयार झालेला हा प्रदेश चिरोट्यासारखा पदरापदरांचा आहे. कठीण बेसॉल्टच्या थराचा उभा कडा होतो, मधल्या सच्छिद्र किंवा लाल मातीच्या थराची अरुंद पट्टी होते आणि माथा अनेकदा सपाट राहतो. नॉइजमधून हे आपोआप येत नाही. प्रणालीत पायऱ्या पाडण्याचे साधन असते, पण ते सारख्या उंचीच्या, दोरी लावल्यासारख्या पायऱ्या पाडते आणि डोंगराचे धरण होऊन बसते. थरांची जाडी असमान ठेवावी लागते, त्यांना किंचित कल द्यावा लागतो आणि मुख्य म्हणजे पायऱ्या आधी पाडून पाऊस नंतर पाडावा लागतो. खडक आधी, पाणी मागाहून. हा क्रम उलटला तर घळी पायऱ्यांखाली गाडल्या जातात.

खरा भूभागच घ्यावा, असे कोणालाही सुचेल. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची रडारने मोजणी केली; ती माहिती आज सुमारे ३० मीटर अंतराच्या जाळ्यात विनामूल्य मिळते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून केलेली उंचीची माहितीही आहे. परंतु ३० मीटरच्या चौकटीत कड्याची धार बोथट होते, रडारला तीव्र उताराच्या आडची बाजू दिसत नाही आणि वरून चढवलेले खडकाचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचे चित्र, कड्यावर ओघळल्यासारखे ताणले जाते. ते तीन दिशांनी चढवावे लागते आणि दोन बिंदूंमधली रिकामी जागा भरायला पुन्हा नॉइजच लागतो.

याहून मूलभूत अडचण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर येते. उंचीच्या जाळ्यात एका जागी एकच उंची लिहिता येते. कोकणकडा तर वरून पुढे झुकलेला आणि मध्ये आत वळलेला आहे. रतनगडाचे नेढे तर आरपार भोक. यासाठी जाळ्याचे घनाकृतीत रूपांतर करून ती हाताने घडवावी लागते, किंवा टेराजेनसारख्या प्रणालीत पृष्ठभाग आडवा ढकलावा लागतो. माझ्या मते इथे यंत्राचा हट्ट सोडून मूर्तिकाराप्रमाणे हात चालवणेच श्रेयस्कर.

डोंगर झाला की तो लहान दिसू लागतो, आणि उंची दुप्पट करण्यासाठी हात शिवशिवतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तीस किलोमीटर रुंदीच्या भूभागात ती रुंदीच्या अठराव्या भागाइतकीही भरत नाही. त्या आकड्याला हात लावू नये. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा, लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी आणि हवेकडे लक्ष द्यावे. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात. प्रकाशाचे हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून एकामागची एक रांग फिकट आणि निळसर होत जाते, आणि अंतर डोळ्याला कळते ते यामुळेच. बाष्पाचे प्रमाण वाढवले की जून उभा राहतो, कमी केले की डिसेंबर. रेंडरच्या, म्हणजे अंतिम चित्र तयार होण्याच्या, अनेक तासांपैकी मोठा वाटा हवा आणि ढगच खातात, त्यामुळे चाचणी लहान आकारात, चित्राचा एखादाच तुकडा घेऊन करावी, आणि एका वेळी एकच आकडा बदलावा.

झाडांबद्दल थोडक्यातच सांगतो. एकाच झाडाच्या लाखो प्रती स्मृतीवर विशेष भार न टाकता लावता येतात, म्हणून लोक त्या सरसकट लावतात. आपल्याकडे झाडी घळीत आणि कड्यांमधल्या पट्ट्यांवर दाटते आणि उघड्या माथ्यावर गवत असते. उतार आणि उंचीची अट घातली की हे बरेचसे साधते.

आता एक वाक्य टाइप केले की यंत्र डोंगराचे चित्र काढून देते, मग हा खटाटोप कशाला, असे मला विचारले जाते. ते चित्र पुष्कळदा सुंदर असते. पण त्या चित्रात दहा पावले डावीकडे सरकून ओढा पुढे कुठे जातो, ते पाहता येत नाही, कारण मागे जमीनच नसते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी काल्पनिक प्रदेश घेऊ नये. स्वतः चढलेल्या एखाद्या डोंगराची उंचीची माहिती उतरवून घ्यावी, त्याच वाटेवरून काढलेले आपले छायाचित्र शेजारी ठेवावे आणि सूर्य त्या तारखेच्या, त्या वेळेच्या जागी लावावा. सावल्या जुळल्या की मग खडकाच्या रंगाकडे वळावे. भिजलेला बेसॉल्ट आणि मे महिन्यातला बेसॉल्ट यांत किती फरक असतो, ते तिथेच कळू लागते.