आधी महिना, मग देश

नमस्कार मंडळी. सुट्ट्या जवळ आल्या की आता सोलापुरात घरोघरी विषय निघतोच, यंदा बाहेरच्या देशात जाऊ या की. श्रीलंका, थायलंड, बाली, व्हिएतनाम, सगळे उष्ण कटिबंधातले देश. आणि मग लोक विचारतात, पहिल्यांदाच चाललोय, कुठं जावं? माझं उत्तर एकच, आणि मी ते आज दोनतीनदा सांगणार आहे. आधी महिना ठरवा, मग देश. आधी महिना, मग देश.

आता बघा, उष्ण कटिबंध आपल्याला नवा नाही. कर्कवृत्त जातं पार भोपाळच्या वरनं आणि सोलापूर आहे साडेसतरा अंशावर, म्हणजे जन्मापासून आपण उष्ण कटिबंधातच राहतोय. पण आपलं ऊन कोरडं. एप्रिलमध्ये गच्चीवर टाकलेला टॉवेल बघता बघता वाळतो. तिकडं समुद्राकाठच्या देशांत हवेतच ओल असते, घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही आणि माणूस गळून जातो. म्हणून ४३ डिग्रीत राहणाऱ्याला ३२ चं काय, असं म्हणू नका. आणि तिथं थंडीचे दिवस कुठले, उन्हाळ्याचे कुठले हे बघून उपयोग नाही, पाऊस कधी आणि कुठल्या बाजूला एवढं बघायचं. शाळेत भिंतीवर नकाशा टांगून भूगोल शिकवायचे ते परत सुरू व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, मोबाईलवर पोरांना रस्ता कळतो पण पावसाचा वारा कुठनं येतो ते कळत नाही. असो.

तर आता आमच्या गल्लीतल्या काकूंची गोष्ट ऐका. काका टॉवेलच्या कारखान्यातनं रिटायर झालेले, मुलगा-सून पुण्याला. मुलगा म्हणाला आई, तुम्हाला परदेश दाखवतो, पण रजा ऑगस्टमध्येच मिळतेय. एका एजंटनं लगेच सांगितलं थायलंडचं फुकेत घ्या, ऑगस्टमध्ये स्वस्त पडतंय. काकू म्हणाल्या, "स्वस्त का पडतंय ते विचार की रे आधी." मग सुनेनं बसून शोधलं, तर फुकेतला तेव्हा ऐन पावसाळा, समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे, पोहायला मनाई. मग श्रीलंका निघाली. लोक म्हणाले तिथं पण पाऊसच की. ते अर्धंच खरं. श्रीलंकेला दोन मान्सून आहेत, मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो कोलंबो, गॉल या बाजूला पडतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमाली, बट्टिकलोआ या बाजूला. एक किनारा भिजत असतो तेव्हा दुसरा कोरडा असतो.

म्हणून काकू गेल्या त्रिंकोमालीला. तिथं समुद्रावरच्या उंच कड्यावर कोणेश्वरम आहे, महादेवाचं देऊळ, वाट जुन्या किल्ल्यातनं जाते आणि किल्ल्यात हरणं मोकळी फिरत असतात. काकू इथं नेमानं सिद्धेश्वराला जाणाऱ्या, त्यांना तर सोमवारच मिळाला तिथं, श्रावणातला. काका म्हणाले, "आता इथनंच घरी गेलो तरी चालंल."

पण पुढं कँडी शहर होतं, आणि कँडीत ऑगस्टमध्ये पेरहेरा असतो. बुद्धाचा दात जिथं जपून ठेवलाय त्या मंदिराची मिरवणूक, रोज रात्री निघते आणि आपल्या राखी पौर्णिमेच्या आसपास संपते. लोक दुपारपासनं फुटपाथवर सतरंज्या टाकून जागा धरतात. काकूंना जागा मिळेना, तर एका सिंहली आजींनी आपली चटई सरकवून बसवून घेतलं. एकीला दुसरीची भाषा येत नाही. काकूंनी पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, सून म्हणाली आई जपून, त्यांना तिखट लागंल, आणि त्या आजींनी शांतपणे खाल्ली आणि परत हात पुढं केला! मग त्यांनी कागदाच्या पुडीतले खोबरं घातलेले हरभरे काकूंना दिले. मध्येच सर आली, कँडीत त्या दिवसांत येतेच, आजींनी प्लास्टिक दोघींच्या डोक्यावर धरलं, जागेवरनं कोणी हललं नाही. मग चाबकांचे आवाज, पलिते फिरवणारे, ढोल, दिव्यांनी सजवलेले हत्ती, आणि शेवटी तो मोठा हत्ती, पाठीवर सोन्याची पेटी आणि पायाखाली पांढरं कापड अंथरत नेतात. सगळा रस्ता उठून उभा राहिला, हात जोडून. काकू सुनेला म्हणाल्या, "अगं, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज येताना आपल्याकडं असंच होतं गं." अजून गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत काकू ही गोष्ट सांगतात आणि त्या आजींची आठवण काढतात.

हे सगळं मिळालं कारण त्यांनी आधी महिना धरला.

आता बाकीचं भराभर सांगते. मे महिन्याची सुट्टी असेल तर बाली, ते विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथं एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपीची, म्हणजे बालीतल्या मौनाच्या दिवसाची तारीख बघा, त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो. दिवाळीनंतर थायलंडची फुकेतची बाजू चांगली, पण तिथल्याच कोह सामुई बेटाला नेमका तेव्हाच पाऊस. व्हिएतनामचं होई आन ऑक्टोबर-नोव्हेंबरात नको, पूर येतात. सिंगापूरला बाराही महिने सरी असतात, छत्री घ्या आणि कधीही जा.

आणि पहिल्या ट्रिपला एकच देश, दोनच मुक्काम. आठवड्यात चार शहरं दाखवणारं पॅकेज घेऊ नका, त्यात बसच दिसते. आणि तिथं जाऊन तिन्ही वेळ पनीर खायचं हे मला अजिबात पटत नाही, तिथला भात, तिथलं खोबरं खाऊन बघा.

डेंगी सगळीकडं आहे, डासांचं मलम दिवसासुद्धा लावा. आणि कोणी केनियाचा विचार करत असेल तर पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, दाखला जवळ ठेवा, नाहीतर परत आल्यावर आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, ते तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघा. नमस्कार.